अस्सल आणि नक्कल : संगणकाच्या घरगुती दप्तराविषयी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या दप्तरदारांचा सारा व्यासंग जुन्या कागदांचा होता, आणि मी आज बोलणार आहे ते संगणकाविषयी. त्यातही, तो रोज हाताळणाऱ्या माणसाचेसुद्धा ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही अशा त्याच्या एका अंगाविषयी. तथापि विषय निवडताना मला फारसा संकोच वाटला नाही, कारण वरकरणी तो कितीही नवा भासला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न दप्तरखान्यातलाच आहे : एखाद्या व्यवस्थेचा अस्सल लेख कोणता, त्याची नक्कल कोणती, आणि दोहोंत तफावत आढळली तर प्रमाण कोणाला मानावयाचे.

जो मनुष्य आपल्या संगणकावर काही वर्षे मन लावून काम करतो, मग ते काम लेखनाचे असो, हिशेबाचे असो किंवा प्रोग्राम लिहिण्याचे असो, तो कळत-नकळत त्या यंत्राविषयी शेकडो निर्णय घेत असतो. अक्षरे केवढी दिसावीत, कळफलक कोणता असावा, कोणत्या दोन कळा एकत्र दाबल्या असता काय व्हावे, कोणता प्रोग्राम कोणत्या आवृत्तीचा घ्यावा आणि कशानंतर काय बसवले असता ते कुरकुर न करता चालते, हे सारे त्याने एकेका अडचणीच्या वेळी, बहुधा घाईत, ठरवलेले असते. आणि ठरवल्यावर त्याचे कारण तर तो विसरतोच, पण आपण असे काही ठरवले होते हेही विसरतो. मग एके दिवशी यंत्र बंद पडते. शहाण्या माणसाने आपल्या लेखांची, पत्रांची, छायाचित्रांची प्रत दुसरीकडे ठेवलेली असते आणि ती त्याला परत मिळते. मिळत नाही ती व्यवस्था. सारी कागदपत्रे नव्या यंत्रावर येऊन पडलेली असतात, आणि तरीही पुढचे कित्येक दिवस सवयीने बोटे ज्या कळांवर जातात त्या कळा काही भलतेच करीत राहतात. माझे प्रतिपादन एवढेच आहे की हे निर्णय यंत्राच्या पोटात राहू देता कामा नयेत. ते यंत्राबाहेर, माणसाला वाचता येईल अशा लेखात असावेत, आणि यंत्र हे त्या लेखाबरहुकूम काढलेली, केव्हाही टाकून देऊन पुन्हा काढता येणारी नक्कल असावी.

हे निर्णय ज्या फाइलींत साठतात त्यांचा इतिहास मनोरंजक आहे, आणि त्याचा आरंभ एका काटकसरीत झाला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही कार्यप्रणाली रचावयास घेतली. फाइलींची मांडणी उतरंडीची झाली, तेव्हा प्रत्येक फोल्डरात दोन नोंदी आपोआप असू लागल्या : एक टिंब म्हणजे हेच फोल्डर, आणि दोन टिंबे म्हणजे याच्या वरचे फोल्डर. यादी दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा दिली की या दोन नोंदी दर वेळी डोळ्यांपुढे येत, म्हणून त्या वगळण्यासाठी दोघांपैकी कोणी एकाने एक सोपी तपासणी घातली, ती अशी की नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ते नाव दाखवू नये. वास्तविक नाव शेवटपर्यंत तपासावयास हवे होते; परंतु प्रोग्राम असेंब्ली भाषेत होता आणि एकच अक्षर तपासणे सोपे होते. ही हकीकत त्यांचेच एक सहकारी रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहून ठेवली आहे, आणि तीत झाल्या प्रकाराविषयीची त्यांची नाराजी लपलेली नाही. टिंबाने आरंभ होणारे कोणतेही नाव यादीत दिसत नाही हे एकदा ध्यानात आल्यावर जो तो प्रोग्राम आपली लहानसहान फाइल वापरणाऱ्याच्या मुख्य फोल्डरात टाकून मोकळा होऊ लागला, आणि ज्या फाइलींत माणसाच्या साऱ्या आवडीनिवडी साठल्या आहेत त्याच त्याच्या दृष्टीआड राहिल्या. पुढे याच मंडळींनी प्लॅन ९ नावाची दुसरी कार्यप्रणाली रचली, तेव्हा हीच सामग्री त्यांनी ‘लिब’ नावाच्या उघड्या फोल्डरात ठेवली. पण तोवर जगात पहिली वहिवाट कायम झाली होती. २००३ मध्ये लिनक्सच्या जगाने ‘.कॉन्फिग’ या एकाच फोल्डराचा जाबता घालून दिला खरा, परंतु तो सर्वांनी पाळला असे नाही. आजही कोणाच्या लिनक्स यंत्रावर लपलेल्या नावांची यादी मागावी, तर कधीच काढून टाकलेल्या प्रोग्रामांची बिऱ्हाडे तेथे नांदत असलेली आढळतात.

या बेशिस्त वारशात एक गुण मात्र अनायासे टिकून राहिला, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे : या फाइली साध्या मजकुराच्या असतात. त्या उघडून वाचता येतात, त्यांत टीप लिहिता येते, एकीची दुसरीशी ओळीओळीने रुजवात घेता येते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्येही आरंभी ‘आयएनआय’ नावाच्या अशाच साध्या फाइली होत्या. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री अवतरली आणि पुढे एनटी व विंडोज ९५ यांत बहुतेक सारी सेटिंग्ज त्या एका मध्यवर्ती भांडारात गेली. त्यामागील कारणे क्षुल्लक नव्हती, कारण एका यंत्रावर अनेक माणसे काम करणार असतील तर कोणाला काय बदलण्याचा अखत्यार आहे हे ठरवणे विखुरलेल्या फाइलींपेक्षा एका भांडारात सुकर जाते. परंतु माणसाने सहज वाचावे असे तेथे फार थोडे उरले. मॅकवर सेटिंग्जच्या ‘प्लिस्ट’ फाइली असतात, पण त्यांची एक प्रत कार्यप्रणाली स्मृतीत बाळगून असते. त्यामुळे भाबडेपणाने फाइलच दुरुस्त करणाऱ्याला आपला बदल परस्पर बाद झालेला दिसतो, आणि ‘डिफॉल्ट्स’ या आज्ञेमार्फतच अर्ज करावा लागतो.

मजकूर वाचता आला म्हणजे त्याचा इतिहासही ठेवता येतो, आणि येथे तो ठेवणाऱ्या गिट या साधनाचा संबंध येतो. लिनक्सचे विकासक जे बिटकीपर नावाचे साधन सवलतीने वापरीत होते त्याची सवलत बंद झाली, तेव्हा २००५ च्या एप्रिल महिन्यात लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहावयास घेतले. ते हजारो माणसांच्या सामायिक लेखनासाठी होते, परंतु एकट्या माणसाच्या सेटिंगांनाही ते तितकेच मानवले. तलाठ्याच्या दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना त्याची रीत सांगावयास वेळ लागणार नाही. सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती असते, ती तशी का झाली हे गाव नमुना ६ मधील फेरफाराच्या नोंदीत असते, आणि ज्याचा हक्क संपला त्याचे नाव खरवडून न काढता त्याला कंस करतात, म्हणजे पुढच्याला मागच्याचा माग लावता येतो. गिटमध्ये समोर दिसणारी फाइल हा सातबारा आणि प्रत्येक कमिट हा फेरफार होय. कोणती ओळ केव्हा आली, कोणती केव्हा गेली आणि कोणत्या कारणाने, हे तेथे क्रमांकानिशी नोंदलेले असते. अर्थात, कारण लिहिणारा पाहिजे. कमिटच्या संदेशात ‘किरकोळ बदल’ एवढेच लिहिण्याचा शिरस्ता इतका बळावला आहे, की आपल्याच दोन वर्षांपूर्वीच्या नोंदी वाचताना माणसाला आपण परक्या कारकुनाचा मसुदा वाचतो आहोत असे वाटते. प्रिंटरच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीने मराठी अक्षरे तुटू लागली म्हणून जुनी आवृत्ती कायम केली, असे एक सरळ वाक्य लिहावयास अर्धे मिनिट पुरते.

परंतु केवळ इतिहास ठेवल्याने भागत नाही. नवे यंत्र उभे करावयाचे म्हणजे फाइली जागच्या जागी जावयास हव्यात आणि प्रोग्राम बसावयास हवेत, आणि हे काम यंत्राकडूनच करवून घ्यावे म्हणून माणूस आज्ञांची एक यादी, म्हणजे स्क्रिप्ट, लिहितो. येथे एक सूक्ष्म पण फार महत्त्वाचा भेद आहे, आणि तो मी जरा जवळून दाखवू इच्छितो. समजा, ‘.बॅशआरसी’ या फाइलीच्या शेवटी एक ओळ हवी आहे, आणि स्क्रिप्टमध्ये आपण लिहिले, ‘या फाइलीला ही ओळ जोड’. पहिल्या वेळी ओळ जोडली जाते आणि सर्व ठीक चालते. मध्येच इंटरनेट तुटले म्हणून स्क्रिप्ट पुन्हा चालवावी लागली, की तीच ओळ दुसऱ्यांदा जोडली जाते. आणखी दोनदा चालवली तर चार ओळी होतात, आणि त्या ओळीने प्रोग्राम शोधावयाच्या मार्गांत भर पडत असेल तर तीच भर चार वेळा पडून बसते. आता तीच गोष्ट अशी लिहिली की ‘या फाइलीत ही ओळ असावी’, तर स्क्रिप्ट प्रथम पाहते, ओळ असेल तर स्वस्थ राहते, नसेल तरच घालते. कितीही वेळा चालवा, फळ तेच. पहिल्या वाक्यात कृतीचा हुकूम आहे आणि दुसऱ्यात स्थितीचे वर्णन आहे. कृतीचा हुकूम देणाऱ्याला यंत्राची आधीची अवस्था ठाऊक असावी लागते, आणि ती त्याला जवळजवळ कधीच पुरती ठाऊक नसते.

हा भेद ज्यांनी व्यवहारात आणला त्यांत मार्क बर्जेस यांचा मान पहिला म्हणावा लागेल. हे मूळचे सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ. १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात असताना निरनिराळ्या जातींच्या युनिक्स यंत्रांची देखभाल अंगावर आली, आणि प्रत्येकासाठी वेगळी स्क्रिप्ट लिहिण्याचा उबग येऊन त्यांनी सीएफइंजिन हे साधन रचले. त्याची कल्पना अशी की यंत्र कोणत्याही बिघडलेल्या अवस्थेत असो, त्याने पायरीपायरीने वर्णिलेल्या अवस्थेकडे सरकावे, आणि तेथे पोचल्यावर थांबावे. व्यवस्था ही एकदा लावून संपत नाही, ती सतत ढळत असते, असे मानणारी ही दृष्टी भौतिकशास्त्रज्ञालाच सुचावी यात मला नवल वाटत नाही. पुढे २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल अशी साधने आली. त्यांचा विस्तार मोठ्या कंपन्यांच्या हजारो यंत्रांसाठी असल्याने येथे मी त्यांत शिरत नाही.

घरच्या एकदोन यंत्रांना एवढा सरंजाम लागत नाही. साऱ्या सेटिंगांच्या फाइली एका फोल्डरात ठेवाव्यात, त्यावर गिटचा पहारा बसवावा, आणि जेथे प्रोग्राम त्या शोधतात तेथे प्रत न ठेवता केवळ दुवा ठेवावा, म्हणजे अस्सल एकच राहते. हे दुवे बांधण्याचे काम करणारे ग्नू स्टो हे साधन १९९३ मध्ये बॉब ग्लिकस्टाइन यांनी निराळ्याच कामासाठी लिहिले होते, आणि ते अद्याप वापरात आहे. त्याचा तोकडेपणा दिसतो तो घरी आणि कचेरीत दोन निराळी यंत्रे असली म्हणजे. नव्वद टक्के मजकूर सारखा, पण इमेलचा पत्ता निराळा, पडद्याचा आकार निराळा, एकावर मॅक तर दुसऱ्यावर लिनक्स. शेमुआ नावाचे अलीकडचे साधन यासाठी फाइलीऐवजी तिचा साचा ठेवते, आणि यंत्राचे नाव पाहून साच्यातल्या रिकाम्या जागा भरते. साच्याची ही सोय उपकारक आहे, पण तीत धोकाही आहे. ‘जर यंत्र अमुक असेल तर’ अशी कलमे एकदा वाढू लागली की तो लेख माणसाला वाचता येईनासा होतो, आणि वाचता येणे हाच तर मुळात त्याचा गुण होता.

याहून मूलगामी विचार नेदरलंड्समध्ये झाला. उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात निक्स या पद्धतीची संपूर्ण मांडणी आहे. तिच्यात प्रत्येक प्रोग्राम आपल्या स्वतंत्र जागी बसतो, आणि त्या जागेच्या नावात बत्तीस अक्षरांची एक खूण असते. ही खूण तो प्रोग्राम ज्या ज्या साधनांपासून घडला त्या साऱ्यांवरून गणिताने काढलेली असल्यामुळे, घटकांपैकी एकही बदलला की खूण बदलते आणि नवा प्रोग्राम जुन्याच्या शेजारी बसतो, त्याच्यावर नाही. नवी रचना पसंत न पडली तर मागच्या पिढीवर परत जाता येते. सारे यंत्र एका लेखावरून घडावे ही जी अपेक्षा मी आरंभी बोलून दाखवली तिच्या सर्वांत जवळ पोचलेली ही पद्धती आहे. तरीही मी ती कोणाला सरसकट सुचवीत नाही. तिची स्वतःची भाषा आहे, ती कठीण आहे, आणि ज्याला पत्रे लिहावयाची आणि हिशेब ठेवावयाचा त्याने त्यासाठी ती शिकावी असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

आपल्या भाषेत काम करणाऱ्याला हा सारा विषय इंग्रजीत काम करणाऱ्यापेक्षा अधिक जवळचा आहे, असे माझे मत आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याचे नवे यंत्र पेटीतून निघताच त्याच्या भाषेत बोलू लागते. मराठी लिहिणाऱ्याला मात्र पुष्कळ काही मागून घ्यावे लागते. डेबियन लिनक्सचे उदाहरण घ्या. मराठीचे लोकेल, म्हणजे भाषेची व प्रांताची जुळणी, तेथे यादीत असते, पण ओळीच्या आरंभी खूण घालून निकामी केलेले. ती खूण काढून ‘लोकेल-जेन’ ही आज्ञा चालवावी लागते. मग कळफलक : इन्स्क्रिप्ट की ध्वन्यनुसारी, हे ठरवावे लागते, आणि ज्या कळफलकावर ‘ऱ’ सहज मिळत नाही त्यावर ‘वाऱ्यावर’ आणि ‘दुसऱ्या’ हे शब्द लिहिताना माणूस हैराण होतो. मग टंक. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून निराळे. एकाच टंकात दोन्ही वळणे असू शकतात, परंतु मजकूर मराठी आहे असे प्रोग्रामला सांगितले नसेल तर पुष्कळदा हिंदी वळण पुढे येते, आणि सबंध पुस्तक जुळवून झाल्यावर कोणाच्या तरी नजरेस ते येते. ज्यांवर रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील मंडळींनी पुष्कळ मेहनत घेतली त्या लोहित टंकांना मराठी मजकुरासाठी अग्रक्रम द्यावा, असे ‘फॉन्टकॉन्फिग’च्या फाइलीत एकदा लिहून ठेवता येते. शुद्धलेखन-तपासणीचा कोश आणखी वेगळा. ही सारी तजवीज मिळून एका पानात मावते, आणि ती आज असंख्य मराठी माणसे, प्रत्येक जण स्वतंत्रपणे, प्रत्येक नव्या यंत्रावर, एखाद्या भाच्याला बोलावून करून घेत असतात. ते पान लिहून एकमेकांना देण्यास कोणाचीच आडकाठी नाही.

देण्याघेण्याचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द त्याविषयी. आपल्या डॉटफाइली, म्हणजे टिंबाने आरंभ होणाऱ्या त्या सेटिंगांच्या फाइली, लोकांसाठी खुल्या ठेवण्याची चाल प्रोग्रामर मंडळींत चांगलीच रुळली आहे, आणि त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ असते. परंतु दुसऱ्याची हजार ओळींची फाइल जशीच्या तशी उचलणारा मनुष्य दुसऱ्याने घेतलेले निर्णय, त्यांची कारणे न घेता, घेत असतो, आणि त्यांतला एखादा आडवा आला म्हणजे तो कोठून आला हेच त्याला उमगत नाही. दुसराही एक वर्ग आहे, आणि त्याविषयी मी थोड्या आपुलकीने बोलतो : ज्यांचे यंत्र वर्षानुवर्षे उत्तम सज्ज होत राहते आणि ज्यांच्याकडून त्यावर करावयाचे काम तेवढे राहून जाते.

शेवटी गुपितांचा प्रश्न उरतो. संकेतशब्द, बँकेच्या सेवांच्या किल्ल्या, दूरच्या यंत्रात शिरण्याची एसएसएच किल्ली, याही एका अर्थी सेटिंग्जच, आणि त्या सेटिंगांच्या फाइलींतच पडून राहतात. त्या गिटमध्ये एकदा नोंदल्या गेल्या आणि गिटचे ते भांडार उघडे असले, तर नंतर ती ओळ काढून टाकण्याचा उपयोग नाही. कंस केलेले नाव जसे वाचता येते तशीच मागच्या कमिटमधली किल्लीही वाचता येते, आणि अशा किल्ल्या हुडकणारे प्रोग्राम लोकांनी लिहिलेले आहेत. अशा वेळी इतिहास पुसण्याच्या खटाटोपाआधी ती किल्लीच रद्द करून नवी घ्यावी. गुपिते लेखात न ठेवता संकेतशब्दांच्या कुलूपबंद कोशात ठेवावीत, आणि लेखात फक्त ‘तेथून घ्यावे’ एवढे लिहावे, हा मार्ग सर्वांत निर्धोक.

एवढी व्यवस्था झाली की तिची परीक्षा घ्यावी, आणि ती परीक्षा जुने यंत्र जिवंत असतानाच घ्यावी. यंत्राच्या आतच एक कोरे आभासी यंत्र निर्माण करता येते. त्यावर आपला लेख चालवून पाहावा. पहिल्या खेपेस तो बहुधा अडतो, आणि कोठे अडतो ते पाहिले म्हणजे आपण काय लिहावयाचे विसरलो ते कळते. एक अडथळा मात्र जवळजवळ प्रत्येकाला लागतो. सेटिंगांचे भांडार खाजगी असते, ते उघडण्यास एसएसएच किल्ली लागते, किल्ली संकेतशब्दांच्या कोशात असते, आणि तो कोश उघडणारा प्रोग्राम कोणता व कसा बसवावयाचा हे भांडारात लिहिलेले असते. हा फेरा कोणत्याही साधनाने तुटत नाही. त्यासाठी कोशाचा मुख्य संकेतशब्द आणि आरंभीच्या चारपाच आज्ञा कागदावर शाईने लिहून, तो कागद घरच्या महत्त्वाच्या दस्तऐवजांत ठेवावा, आणि तो कोठे आहे हे घरातील आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.